‘घरीच तर असतेस’: कामगार मंत्र्यांना खुलं पत्र

वरसे, ता. रोहा, जि. रायगड
जानेवारी 2026

प्रति,
मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



माझा नवरा धाटावच्या औद्योगिक वसाहतीत एका रासायनिक कारखान्यात आहे. त्यांच्या फाटकावर एक फळा आहे. शेवटचा अपघात होऊन किती दिवस झाले, तो आकडा त्यावर रोज सकाळी बदलतात. आकडा मोठा झाला की पेढे, आणि कोणाचं बोट जरी चेमटलं तरी पुन्हा शून्य. त्याला बूट कंपनी देते, झिजले की बदलून देते. वर्षातून दोनदा डॉक्टर त्याला नळीत फुंकायला लावतात, कानाला यंत्र लावून आवाज ऐकू येतो का ते तपासतात. 4 मार्चला सुरक्षा दिनाची शपथ असते. त्यातलं किती मनापासून आणि किती कागदासाठी, ते तो जाणे. पण निदान कागद तरी आहे.

त्याच घरात, त्याच्यापासून एका भिंतीच्या अंतरावर, मीही नऊ तास कामावर असते. माझ्यासाठी फळा नाही. असता तर गेल्या सहा वर्षांत त्यावरचा आकडा फारसा वर सरकला नसता.

माझं काम सांगते. अमेरिकेतल्या दवाखान्यांची बिलं तिथल्या विमा कंपन्यांकडे अडकतात, ती फोन करकरून सोडवायची. तिकडचा दिवस ती आमची रात्र, म्हणून संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन. 2020 च्या मार्चपर्यंत हे काम मी नवी मुंबईतल्या ऑफिसात करत होते. सोमवार ते शुक्रवार कामोठ्याला भावाकडे राहायचं आणि शनिवारी सकाळी दिव्याहून येणारी गाडी पनवेलला पकडून रोह्याला यायचं. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. दर रविवारी रात्री ती माझी बॅग लपवून ठेवायची. टाळेबंदी लागली, कंपनीने लॅपटॉप घरपोच दिला, आणि बॅग लपवायची गरज संपली. म्हणून आधीच सांगून टाकते, साहेब: हे पत्र घरून काम बंद करा म्हणून नाही. मला ते हवंय. रोह्यातून रोज नवी मुंबई गाठणं म्हणजे काय, ते या बाजूच्या कोणालाही विचारा. घरून काम मिळालं म्हणून माझी नोकरी टिकली, आणि माझ्यासारख्या कितीतरी जणींची टिकली.

पण घरी आले ती माझ्या पायांनी. कायदा ऑफिसातच राहिला.

आमच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत सासूबाई आणि मुलगी झोपतात, आतल्या खोलीत नवरा. पहिल्या पाळीला त्याला सकाळी सातला हजर व्हायचं असतं, म्हणून तो दहाला आडवा होतो. मग माझ्या वाट्याला उरतं ते स्वयंपाकघर. जेवणाचं टेबल तीस इंच उंच, खुर्ची प्लास्टिकची, टेबलाच्या मानाने बुटकी. खुर्चीवर उशी घातली की पाय लोंबकळतात, काढली की खांदे कानाला लागतात. लॅपटॉप डोळ्यांच्या रेषेत यावा म्हणून खाली दिवाळी अंकांची चळत आहे. साहित्याचा मला झालेला हा सर्वांत ठोस उपयोग. फ्रिजची मोटार सुरू झाली की पलीकडची बाई ‘व्हॉट्स दॅट नॉइज’ विचारते. एकदा साडेसातला, ऐन फोनवर, सासूबाईंनी डाळीचा कुकर लावला. तीन शिट्ट्या. तो कॉल नमुन्यादाखल तपासणीत निघाला आणि माझे गुण कापले गेले. मी आईंना काय बोलणार? त्यांचं म्हणणं सरळ आहे: ‘घरीच तर असतेस.’ शेजारीण कुरिअर माझ्याकडे ठेवायला सांगते, गॅसवाल्याला माझा नंबर देते, त्यामागेही हेच वाक्य.

आणि वाईट वाटून घेऊ नका, तुमचं खातंही मला हेच म्हणतंय.

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 मी अख्खा वाचला, दोन रात्री लागल्या. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात बाईला काम द्यायचं तर तिची संमती हवी, तिच्या सुरक्षिततेची आणि सन्मानाची व्यवस्था हवी आणि कामाच्या जागेपासून तिच्या दारापर्यंत वाहनाची सोय हवी. चांगला नियम आहे, ऑफिसात असताना गाडीने भावाच्या दारात सोडायचे. आता माझी कामाची जागा स्वयंपाकघर आणि माझं दार म्हणजे आतल्या खोलीचं दार. मधे चौदा पावलं. वाहनाची गरज नाही हे मान्य. पण त्या एका नियमाबरोबर रात्रपाळीचा बाकीचा विचारही बाद झाला. ऑफिसात रात्री जेवणाची सुट्टी म्हणजे सगळ्यांनी उठायचं, कँटीनला जायचं, चार शब्द बोलायचे. इथे जेवणाच्या सुट्टीत मी ओटा पुसते.

कायद्याला घरून काम अगदीच ठाऊक नाही असंही नाही. 2017 च्या मातृत्व लाभ सुधारणा कायद्यात ते आहे: रजा संपल्यावर कामाचं स्वरूप तसं असेल आणि मालक नि बाई यांचं जमलं, तर तिने घरून काम करावं. म्हणजे ओल्या बाळंतिणीला दिलेली सवलत. बाळ शाळेत जायला लागलं, मोठं झालं, तरी बाई घरूनच काम करतेय, याचा विचार तिथे नाही.

आता शरीराचं सांगते. बिलांच्या कामात प्रत्येक दुखण्याला एक सांकेतिक क्रमांक असतो, तो आम्हाला तोंडपाठ. 2023 च्या पावसाळ्यात माझा उजवा हात पाठीमागे जाईना. साडीचा पदर खांद्यावर टाकता येईना, केस विंचरताना डोळ्यांत पाणी. रोह्यातले फिजिओ खांदा हलवून बघत होते तेव्हा ते काही बोलायच्या आधी माझ्या डोक्यात क्रमांक उमटला: एम 75.01. उजवा खांदा आखडणे. असली शेकडो बिलं मी सोडवली होती. फिजिओंनी विचारलं, ‘काम काय करता?’ म्हटलं, ‘घरूनच करते.’ तेही म्हणाले, ‘म्हणजे घरकाम.’ चार महिने व्यायाम, शेक आणि पैसे. खांदा सुटला. खुर्ची तीच आहे, कारण चांगली खुर्ची आली तर ती ठेवायची कुठे?

त्याच यादीत आणखी एक क्रमांक आहे, झेड 56.6: कामाशी संबंधित शारीरिक आणि मानसिक ताण. कामाच्या ताणाला यादीत स्वतंत्र जागा आहे, हे मला फार बरं वाटलं होतं. एवढ्या वर्षांत माझ्या हातून गेलेल्या एकाही बिलावर मात्र तो मी पाहिलेला नाही. बहुतेक त्याचे पैसे कोणी देत नसावं.

तो ताण दिसतो कसा, ते सांगते. आमच्या पडद्यावर प्रत्येकाच्या नावापुढे एक ठिपका असतो. काम चालू असलं की हिरवा, पाच मिनिटं माउस हलला नाही की पिवळा. पिवळा झाला की टीम लीडरचा निरोप येतो, ‘सगळं ठीक ना?’ प्रश्न काळजीचा, अर्थ हजेरीचा. त्या ठिपक्यापायी मी पाणी कमी प्यायला लागले. उठावंच लागू नये म्हणून. मग लघवीची जळजळ, मग गोळ्या. आमच्या टीममधला नागोठण्याचा एक मुलगा माउसखाली काट्याचं घड्याळ ठेवून अंघोळीला जायचा. सेकंदकाटा फिरला की माउसला वाटतं हात हलला. आम्ही खूप हसलो होतो. त्यानेच पुढच्या वर्षी काही न सांगता नोकरी सोडली. निरोपसमारंभ नाही, डबा नाही, काही नाही. एके संध्याकाळी यादीत त्याचा ठिपका नव्हता, इतकंच. मी त्याला कधी प्रत्यक्ष पाहिलेलंही नव्हतं, आणि नागोठणं इथून किती जवळ आहे तुम्हीच बघा.

ऑफिसात माणूस खचला तर शेजारच्या खुर्चीला कळतं. इथे शेजारची खुर्ची नाही. 10 ऑक्टोबर 2022 पासून केंद्राची टेलिमानस ही मदतसेवा आहे, 14416, मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. तो क्रमांक मी फ्रिजवर चिकटवलाय. पण रात्रभर फोनवर बोलून उठलेल्या बाईला सगळ्यात नकोसा असतो तो आणखी एक फोन.

तासांचं काय? कागदावर नऊ. लॉगिन पंधरा मिनिटं आधी, ती धरायची नाहीत. वीज गेली की तेवढा वेळ शनिवारी भरून द्यायचा. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा आमच्या इमारतीवरची पाण्याची टाकी समोरच्या आवारात जाऊन पडली. वीज परतायला आठवडा उलटून गेला. स्कूटर घेऊन मी रेंज शोधत नागोठण्यापर्यंत गेले आणि तशीच परत आले. कंपनीने ते सगळे दिवस माझ्या रजेतून वळते केले. ऑफिसची वीज गेली असती तर दोष ऑफिसचा. घरची गेली तर दोष माझा.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मे 2021 मध्ये मिळून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्याला 55 तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना, 35 ते 40 तास करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका 17 टक्क्यांनी जास्त. 2016 या एका वर्षात जगभर असे 7 लाख 45 हजार मृत्यू. आणि तुमच्या मंत्रिमंडळाने गेल्या सप्टेंबरात काय केलं? 20 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांत रोजचे 9 तास 10 करायला मान्यता दिली. आठवड्याची मर्यादा 48 च राहील, असं सांगितलं गेलं. ती मोजणार कोण, साहेब? 2024 मध्ये पुण्यात एका बड्या लेखापाल संस्थेतली 26 वर्षांची मुलगी गेली, तिच्या आईने कामाच्या ओझ्याबद्दल लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. तुमच्या खात्याची माणसं तिथे पोचली तेव्हा कळलं की त्या ऑफिसची दुकाने-आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती. काचेचं दार आणि पाटी असलेली जागा जिथे नजरेतून सुटली, तिथे माझं स्वयंपाकघर कोणाला दिसणार?

माझं माहेर पेणजवळ हमरापूरला. तिथे घरात काम ही नवलाई नाही. पडवीत, ओसरीवर, माजघरात गणपती. माणसांनी त्यांच्यातून वाट काढत झोपायला जायचं. माझे बाबा आखणी करायचे, म्हणजे मूर्तीचे डोळे. सगळी मूर्ती कोणीही रंगवील, डोळ्यांना हात स्थिर लागतो. पाटावर मांडी घालून, मान वाकवून, तासन्‌तास. कमरेचं दुखणं त्यांना शेवटपर्यंत होतं, त्या कामाचे गोडवे मी गाणार नाही. पण दर थोड्या वेळाने ते ब्रश पाण्यात टाकून अंगणापलीकडे भातखाचराच्या बांधावर जाऊन उभे राहायचे. विचारलं तर म्हणायचे, ‘डोळ्याला जरा हिरवं दाखवून आणतो.’ आमच्या कंपनीने मागे एक चित्रफीत पाठवली: दर 20 मिनिटांनी 20 फूट लांबच्या वस्तूकडे 20 सेकंद बघा. बाबांना हे कोणी शिकवलं नव्हतं आणि त्यांच्यावर ठिपकाही नव्हता. माझ्या खिडकीतून समोरची इमारत बारा फुटांवर आहे. वरश्यात पूर्वी शेतं होती तिथे आता आमच्यासारख्यांचे ब्लॉक आहेत, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही.

दुसरं म्हणजे, त्या काळी चतुर्थी आली की घर रिकामं व्हायचं. बाबा दोन दिवस नुसते झोपायचे. माझ्या कामाचं विसर्जन कधी होत नाही.

घरात बसून मजुरी करणारी बाई सरकारला दिसत नव्हती असं म्हणावं, तर तेही खरं नाही. विडी आणि सिगार कामगार कायदा 1966 चा. पाने-तंबाखू घरी नेऊन विड्या वळणाऱ्या बाईलाही त्या कायद्याने कामगार म्हटलं. सोलापूर, सिन्नरच्या बायका त्यात आल्या. त्यांचं सगळं भलं झालं असं नाही, तंबाखूची धूळ छातीत जायची ती गेलीच. पण ‘तू घरी आहेस, म्हणजे कामावर नाहीस’ असं त्या कायद्याने त्यांना सांगितलं नाही. 1959 साली गिरगावात सात जणींनी सुरू केलेल्या लिज्जतमध्येही, पीठ केंद्रावरून न्यायचं आणि पापड घरी लाटायचे. पण बाईच्या घरी लाटायला आणि वाळवायला स्वच्छ, कोरडी जागा आहे का, हे आधी बघतात. पापडासाठी जागा बघतात. मला नोकरीवर घेताना कोणी विचारलं नाही की तू बसणार कुठे.

1996 साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरी बसून मजुरी करणाऱ्यांसाठी 177 क्रमांकाचा करार केला. भारताने तो अजून स्वीकारलेला नाही. फ्रान्समध्ये 2017 पासून कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क आहे, पोर्तुगालने 2021 मध्ये मालकालाच बजावलं की सुट्टीच्या वेळात कामगाराच्या वाटेला जाऊ नका. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी असं खासगी विधेयक लोकसभेत 2018 च्या डिसेंबरात मांडलं आणि पुन्हा गेल्या डिसेंबरात मांडलं. खासगी विधेयकांचं पुढे काय होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको.

तोवर 21 नोव्हेंबर 2025 ला चार कामगार संहिता लागू झाल्या. 1966 चा विडी कायदाही त्यांतल्याच एकीत विरघळला. सामाजिक सुरक्षेच्या संहितेत घरी बसून मालकासाठी वस्तू किंवा सेवा देणाऱ्या माणसाची व्याख्या आहे. मालकाने साधनं दिली असोत वा नसोत. व्याख्या वाचून मी चमकले, ती जवळजवळ माझीच आहे. पण कामाच्या जागेची सुरक्षितता आणि आरोग्य ज्या संहितेत आहे, तिथे माझ्या स्वयंपाकघराचा उल्लेख मला सापडला नाही. चाळिशी ओलांडलेल्या कामगारांना वर्षातून एकदा मोफत तपासणी, अशी जाहिरात झाली. मी त्रेचाळीस वर्षांची आहे. माझी तपासणी नवी मुंबईत होणार, रोह्यात होणार, की मी घरीच असते म्हणून होणारच नाही?

मागणं फार नाही. राज्याच्या नियमांत एक वाक्य घाला: मालकाच्या सांगण्यावरून किंवा संमतीने कामगार घरून काम करत असेल, तर त्या तासांपुरती ती जागा हे त्याचं कामाचं ठिकाण. बाकीचं पुष्कळसं त्या वाक्यातून आपोआप निघेल. खुर्ची-टेबलाचा खर्च कोणाचा, वादळात गेलेले दिवस कोणाच्या खात्यावर, पहाटे साडेतीननंतरचा फोन उचलायचा की नाही, ठिपक्याने लघवीचीही वेळ मोजायची का. आणि तपासणी कामगाराच्या तालुक्यात व्हावी, कंपनीच्या शहरात नव्हे.

एक मागणं तुमच्या खात्याचं नाही, ग्रामविकासचं आहे, पण तुमचे शेजारी बसतात म्हणून सांगते. गावोगाव स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी अभ्यासिका झाल्या. तशीच एक खोली वरश्यात, इन्व्हर्टर आणि नीट खुर्च्यांसह, आमच्यासारख्यांना भाड्याने मिळाली तर आम्ही भाडं देऊ. तिथे कुकर नसेल. आणि शेजारची खुर्ची असेल.

मला भीती कशाची वाटते, तेही लिहिते. हे छापून आलं तर मैत्रिणी म्हणतील, ‘कशाला उगाच? नियम आले की कंपन्या सगळ्यांना परत बोलावतील.’ बोलावतीलही. खुर्चीचे चार पैसे वाचवायला कोणी ऑफिसचं भाडं भरत नाही असं माझं गणित आहे, पण माझी गणितं मालकांच्या गणितांशी नेहमी जुळतात असं नाही. म्हणूनच कंपनीचं नाव लिहिलेलं नाही, आणि माझंही नाही. आणि हो, घराघरांत निरीक्षक फिरावेत असंही मी म्हणत नाही. सासूबाईंना ते मुळीच चालणार नाही.

पण नियम लिहिण्याआधी तुम्हाला किंवा तुमच्या एखाद्या अधिकाऱ्याला एकदा बघून जायचं असेल, तर या. दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. संध्याकाळी साडेसहानंतर या, मी कामावर असेन. बोलता येणार नाही, ठिपका पिवळा होतो, बघता येईल. दिवसा आलात तर बेल वाजवू नका, नवऱ्याचा तिसऱ्या पाळीचा आठवडा असला तर तोही झोपलेला असतो आणि मीही. सासूबाई दार उघडतील. त्या म्हणतील, ‘ती घरीच आहे.’ बसायला बाहेरच्या खोलीत दिवाण आहे. खुर्ची मात्र एकच.

आपली,
वरसे ग्रामपंचायत हद्दीतली एक कामगार